फळ्यांमधल्या फटी

डोंगरावरच्या आमच्या लाकडी खोलीत सकाळी भिंतीच्या फटींतून उन्हाच्या बारीक रेघा येतात. पाहुणे म्हणतात, किती सुंदर! मी मान खाली घालतो. ओलं लाकूड वाळताना आक्रसतं, त्या या फटी.

खालच्या उतारावर आईने लावलेला फणस होता. माझा आणि धाकट्या बहिणीचा, सुमनचा, त्याच्यावर सारखाच जीव. मला खोलीची घाई झाली होती. "वठलाय गं," असं तिला फोनवर सांगितलं आणि तोडून टाकला. मग ती आली. ओंडके दोघांनी दोरखंडाने वर ओढले, करवतीच्या यंत्रावर फळ्या पाडल्या. ती भुसा गोळा करत राहिली.

माझं खोटंही त्या फळ्यांसारखंच. ताजं होतं तेव्हा घट्ट बसलं. आता त्यातून वारा येतो.

आज सकाळी सुमन फटींत चिंध्या कोंबत होती. "दादा, गारठतोस की रे इथे!"

"सुमे, फणस जिवंत होता."

तिने वळून पाहिलं नाही. "ओल्या भुशाची मूठ वळत होती, लाडवासारखी. तेव्हाच कळलं मला. ती चिंधी दे इकडे."

मी दिली. उन्हाची एक रेघ विझली.