विहिरीच्या कठड्यावरचं मॉस

मॉसच्या संग्रहाचं काम माझ्याकडे आलं, कारण बाकीचं सगळं आधीच वाटून झालं होतं. विद्यापीठाच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवून ठेवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, आम्हा काही जणींना कंत्राटावर घेतलं होतं. एकीला खारफुटी मिळाली, एकीला गवतं, आणि ऑर्किडं तर जिने दार सगळ्यात आधी ढकललं तिने पटकावली. मला कामोठ्याहून निघताना रिक्षाच मिळाली नाही. पोचले तोवर भिंतीकडचं हिरवं लोखंडी कपाट तेवढं उरलं होतं. विभागप्रमुख मॅडमनी किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"डांबराच्या गोळ्यांचा वास चालतो ना तुला?"

"चालतो, मॅडम."

"मग मॉस तुझं."

त्याआधी मी कोचिंग क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायचे. तिथे मॉसचा धडा आम्ही एका तासात उरकायचो, कारण परीक्षेत त्यावर फार तर एक प्रश्न यायचा. आता मॉसने भरलेलं अख्खं कपाट समोर होतं. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, तिकडे नेमकं करायचं काय असतं.

"मॉसची नोंद."

"म्हणजे शेवाळ?"

"शेवाळ नाही, आई. शेवाळ पाण्यातलं, बुळबुळीत. मॉसला बारीकसं खोड असतं, पानं असतात. पावसाळ्यात भिंतीवर हिरवं मखमल येतं ना, ते."

"तेच ते. बाल्कनीतलं परवाच तारेच्या घासणीने काढलं मी. त्याची नोंद राहिली म्हणायची."

कपाटातलं जवळजवळ सगळं मॉस एकाच माणसाने गोळा केलेलं होतं. एका जुन्या कॉलेजात जन्मभर शिकवून निवृत्त झालेले सर. कॉलेजला जागा पुरेना, तेव्हा त्यांचा संग्रह आमच्या विद्यापीठात आला होता. मॉस चिकटवून ठेवत नाहीत, कागदाची घडी घालून पुडीत ठेवतात. सरांनी पुड्यांसाठी हाताला लागेल तो कागद वापरला होता. विजेची बिलं, परीक्षेची वेळापत्रकं, मसाल्याच्या दुकानाची हँडबिलं. एका पुडीवर "सहकुटुंब सहपरिवार अगत्य येण्याचे करावे" असं सोनेरी अक्षरांत छापलेलं होतं आणि आत महाबळेश्वरचं मॉस बसलं होतं. माझं काम म्हणजे पुडी उघडायची, आतलं तपासायचं, नव्या जाड कागदात बांधायचं, वर बारकोड लावायचा आणि सगळी माहिती कॉम्प्युटरवर चढवायची.

नावाची शंका आली की दोन-चार काड्या काचेवर घेऊन कोमट पाण्याचा थेंब सोडायचा. पहिल्यांदा केलं तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. वर्षानुवर्षं चहापत्तीसारखं वाळून पडलेलं ते, पाणी लागताच हलायला लागलं. वळलेली पानं सुटली, पसरली, हिरवी झाली. नुकतंच कुणी हाक मारून उठवलं असावं तसं. मी सगळ्यांना बोलावून दाखवलं. गवतंवाली बराच वेळ वाकून बघत होती. मग म्हणाली, "माझ्या गवतांत असलं काही होत नाही गं," आणि जरा खट्टू होऊन आपल्या टेबलाकडे गेली. त्या दिवसापासून मला माझं कपाट आवडायला लागलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एक पुडी निघाली. नावाच्या जागी लाल शाईने भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलेलं, खाली "विहिरीचा कठडा" असे दोन शब्द आणि आमच्या खाडीकाठच्याच एका गावाचं नाव. मी काड्या भिजवल्या, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. मला ती साधी हायोफिला वाटली. सिमेंटच्या कुठल्याही भिंतीवर उगवणारं, मॉसमधलं अगदी सर्वसामान्य मॉस. मी पेन्सिलीने तसं लिहिलं. मॅडमनी ते बघितलं.

"सरांना विचारल्याशिवाय त्यांचं प्रश्नचिन्ह खोडू नकोस. वाशीला राहतात. फोन कर."

मी फोन केला. पलीकडून एवढंच उत्तर आलं, "हायोफिला?" आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर स्वतःच हजर. वाशीहून बसने आले होते. ऐंशी तरी पार केलेली, अंगात पांढरा बुशशर्ट, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं भिंग. बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "ती मुलगी कोण?"

"मी, सर."

"मला हायोफिला ओळखता येत नाही असं तुझं म्हणणं आहे."

"तसं नाही, सर."

"तसंच आहे. अगं, पानाची कड बघ. हे वेगळं आहे. कोकणात आजवर कुणाला सापडलं नसेल असं असू शकतं."

मी कड पाहिली. मला ती हायोफिलाचीच कड दिसली. तसं मी शक्य तितक्या आदराने सांगितलं. सरांनी शक्य तितक्या आदराने मॅडमकडून कळलेला माझा कोचिंग क्लास काढला. असं थोडा वेळ चाललं. शेवटी तेच म्हणाले, "याला कुपी नाही. कुपी बघितल्याशिवाय तू आणि मी दोघंही हवेतच बोलतोय."

मॉस फळावर आलं की त्यातून केसासारखी काडी वर येते आणि तिच्या टोकाला इवलीशी कुपी असते. कुपीचं झाकण काढलं की बऱ्याच मॉसमध्ये तोंडाभोवती दातांची रांग दिसते. हायोफिलाचं मात्र बोळकं असतं. दात असले तर सर बरोबर, नसले तर मी.

"तुम्ही तिथे पुन्हा गेला नाहीत का, सर?"

"दुसऱ्या वर्षी जाणार होतो," ते म्हणाले. "मग दर वर्षी मी दुसऱ्या वर्षी जाणार होतो."

"मग आता जाऊ. पाऊस संपलाय, कुप्या धरल्या असतील."

सरांनी पिशवी उचलली. मॅडम त्यांच्यासाठी चहा सांगत होत्या, तो राहिलाच.

रिक्षात सर पुढे वाकून रस्ता सांगत होते. "इथे मिठागर आहे, त्याच्या डावीकडे वळ."

"काका, डावीकडे मॉल आहे," रिक्षावाला म्हणाला.

"मग मॉलमध्ये नको वळूस. पुढे चल. आता भाताची खाचरं लागतील."

खाचरांच्या जागी सेक्टर लागला, त्यापुढे आणखी एक. मग दोन सेक्टरांच्या मध्ये दाबून बसलेलं गाव आलं. तीन-तीन मजली घरं एकमेकांना खेटून उभी, गल्लीत मोटरसायकली, वर वायरींचं जाळं. विहीर देवळाशेजारी सापडली. वर लोखंडी जाळी बसवलेली आणि भोवती नवा कठडा, न्हाणीघरात लावतात तशा चकचकीत गुलाबी टाइल्सचा. मॉसला धरायला तिथे काहीच नव्हतं. सरांनी एका टाइलवरून हात फिरवला. मग जाळीखाली काही असेल म्हणून ते वाकले.

समोरच्या घराच्या पायरीवर एक बाई कोलंबी सोलत बसल्या होत्या. त्या ताडकन उठल्या.

"ओ भाऊ, वाकू नका तिकरं."

सर सरळ झाले. बाई हात पुसत जवळ आल्या आणि त्यांच्या तोंडाकडे, मग गळ्यातल्या भिंगाकडे निरखून बघत राहिल्या. सत्तरीच्या आसपासच्या, नाकात मोठी चमकी.

"तुमी तेच ना? बावीन जीव देवाला आल्ते ते?"

बाव म्हणजे विहीर, हे मला ठाऊक होतं. बाकीचं कळेना. मी सरांकडे पाहिलं. ते देवळाच्या कळसाकडे बघत होते.

मग मावशींनीच सांगितलं. त्या लग्न होऊन नुकत्या गावात आल्या होत्या. एका दुपारी जावेबरोबर पाण्याला आल्या, तर कठड्यावर एक शहरी माणूस पालथा पडलेला. डोकं विहिरीत, पाय वर. दोघींनी कळशा टाकल्या, एकेक पाय धरला आणि त्याला ओढून बाहेर काढला.

"मी जीव देत नव्हतो, बाई," सर म्हणाले. "मी मॉस काढत होतो."

"तवा बी तुमी ह्येच बोल्लात. आमी म्हनलं, शिकलेला मानूस हाय, जीव देताना बी कारन तयार ठेवतंय."

त्यांनी सरांना घरी नेलं होतं. भात आणि माशाचं कालवण वाढलं, आणि जेवण होईपर्यंत मावशींच्या सासूने त्यांना आयुष्याबद्दल चार गोष्टी सांगितल्या. बायकोशी भांडण झालंय का, नोकरी गेली का, पोरंबाळं किती, सगळं विचारून घेतलं.

"ऐकूनच घेईनात," सर माझ्याकडे वळून म्हणाले. "शेवटी मी कबूल केलं की चुकलं, पुन्हा असं करणार नाही. देवासमोर हात जोडायला लावले मला. मग परत कुठल्या तोंडाने येणार होतो?"

"आनि केला नाय ना पुना?" मावशींनी विचारलं.

"नाही," सर म्हणाले.

"मंग झाला तर." मावशींचं समाधान झालेलं दिसलं. "आता कनाला आल्या?"

कशाला आलोय ते मी सांगितलं. जुन्या कठड्यावर बारीक हिरवं मॉस होतं, ते शोधतोय. मावशींना हसू आलं. "त्या शेवालासाठी? त्ये आमचे गच्चीवरचे टाकीखाली रग्गड हाय. टाकी गलते. खालचे खोल्यांतले भारोत्री रोज बोंबलतान. आज पलंबर येनार हाय."

मला ते पटेना. विहिरीवरचं मॉस तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर कसं जाईल? पण मावशींकडे त्याचंही उत्तर होतं. कठडा मोडला तेव्हा जुने दगड कुणी उचलेना, म्हणून त्यांच्या नवऱ्याने ते वर चढवून पाण्याच्या टाकीखाली बसवले होते.

हे ऐकल्यावर सरांना थांबवणं अवघड झालं. प्रत्येक मजल्यावर ते जिन्याच्या कठड्याला धरून दम घ्यायचे आणि दम लागल्याचं कळू नये म्हणून मला काहीतरी विचारायचे. पहिल्या मजल्यावर हायोफिलाच्या पेशींबद्दल विचारलं. दुसऱ्यावर माझ्या मुलीच्या शाळेबद्दल.

गच्चीवर काळी टाकी होती आणि तिच्याखाली काळे दगड. थेंब थेंब पाणी पडत होतं, आणि त्या दगडांवर मॉस असं माजलं होतं की हात ठेवला तर बोटं बुडावीत. त्यातून तांबूस काड्या वर आलेल्या, प्रत्येकीच्या टोकाला कुपी. सर गुडघ्यांवर बसले, मग भिंग डोळ्याला लावून टाकीखाली शिरायला लागले. मावशींनी मागून त्यांचा शर्ट मुठीत धरला.

"सोडा हो, इथे विहीर नाही," सर आतून म्हणाले.

"बगा तुमी. मी धरलाय."

तेवढ्यात प्लंबर पान्हा घेऊन वर आला. गच्चीवर एका म्हाताऱ्याचे फक्त पाय दिसताहेत आणि घरमालकीण त्याला मागून धरून बसली आहे, हे बघून तो जिन्याच्या दारातच थबकला. मावशींनी मान वळवली. "थांब जरा. मास्तरांचा काम चाललाय." तो मुकाट्याने एका बाजूला जाऊन बसला. आमचं झालं आणि मग टाकीची गळती बंद झाली.

दुपारी आम्ही पुन्हा विद्यापीठात होतो. पोटात मावशींची कोलंबी होती, कारण तिथून जेवल्याशिवाय सुटका नव्हती. मी एक कुपी काचेवर घेतली, सुईने झाकण उडवलं आणि आधी स्वतः सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. मग स्टूल सरांना दिलं. ते खूप वेळ बघत होते. काच सरकवली, दुसरी कुपी मागितली, तिसरी मागितली. खारफुटीवाली, गवतंवाली, सगळ्या हातातलं काम थांबवून उभ्या होत्या.

"बोळकं," सर म्हणाले.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "एकही दात नाही. इतकी वर्षं मी याला पाहुणा समजत होतो, आणि हा घरातलाच निघाला." मग ते हसले. मला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. झालाही. तरी मनात आलं, कुठल्यातरी कुपीत एखादा दात निघाला असता तर माझं काही बिघडलं नसतं.

ताज्या मॉसची नवी पुडी केली. लेबलावर गोळा करणाऱ्याचं, म्हणजे कलेक्टरचं नाव घालावं लागतं. मी सरांचं टाइप करायला लागले, तर त्यांनी हाताने थांबवलं. "त्या बाईंचं घाल. दगड त्यांचे, टाकी त्यांची, गळतीही त्यांची."

मी मावशींना फोन करून पूर्ण नाव विचारलं आणि कशासाठी ते सांगितलं.

"कलेक्टर? म्हंजे जिल्ह्याचा?"

"नाही मावशी. गोळा करणाऱ्याला म्हणतात."

"आमची भाताची जमीन गेली ना, तवा कागदावर कलेक्टरची सही आल्ती. सासरा त्यो कागद परत परत उघरून बगाचा." मग आवाज बदलला. "मंग माजा नाव नीट लिव. नवऱ्याचा नको, बापाचा लाव. आनि गावाचा बी लाव, सेक्टरचा नंबर नको."

त्यांनी नाव सावकाश, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. माहेरचं आडनाव लांबलचक होतं, पुढे गावाचं नाव, आणि कॉम्प्युटरवरच्या त्या चौकटीत ते काही मावेना. शेवटची अक्षरं कापली जात होती. सर खुर्चीमागे उभे राहून बघत होते. ते म्हणाले, "कापू नकोस." मग मी संगणक विभागात फोन लावला आणि तो रकाना रुंद करून घेतला.