माणसावानी करून द्या

कॉलेजच्या फाटकासमोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. गडचिरोलीत बाहेरगावाहून शिकायला आलेली पोरं फॉर्म भरायला, प्रोजेक्ट बांधून घ्यायला माझ्याकडेच येतात. गेल्या दोनेक वर्षांत त्यात एक नवीन काम शिरलं, आणि ते मी मोठ्या हौसेनं केलं, हे आधीच कबूल करते. नंतर कोणी म्हणायला नको की बाई स्वतःचं सोडून दुसऱ्यावरच भडकते.

काम असं. पोरं फोनमधल्या एआयकडून निबंध लिहून घेतात. मास्तरांना ते ओळखू येतं, मास्तर वही फेकतात. मग पोरं फोन माझ्या नाकासमोर धरतात. "बाई, हे थोडंसं माणसावानी करून द्या ना."

माणसावानी! अरे, मग तू कोण आहेस? पण मी कधी असं म्हटलं नाही. मला ते काम जमायचं, आणि जमतं याचा माज होता. माहेर पोंभुर्ण्याकडचं, धानाच्या बांध्यांत वाढलेली मी, वर मराठीत एम.ए. 'आजच्या धावपळीच्या युगात' दिसलं की खोड. 'महत्त्वपूर्ण भूमिका बजावते' दिसलं की खोड. लांब वाक्याचे दोन तुकडे, मध्येच एक 'खरं सांगू का', एखादी वेलांटी मुद्दाम चुकवलेली. आणि शेवटाकडे एक हळवी जागा. माझी हळवी जागा ठरलेली होती. आई कंदिलाची वात सारखी करत बसायची आणि त्या उजेडात लेकरू अभ्यास करायचं. कंदील आला की मास्तर विरघळलाच म्हणून समजा. मी स्वतः पेटलेला कंदील शेवटचा कधी पाहिला होता, देव जाणे.

मग एका भर उन्हाळ्यातल्या दुपारी भामरागडच्या पलीकडची एक माडिया आदिवासी मुलगी दुकानात आली. इथल्या वसतिगृहात राहून बारावी झालेली. फाईल छातीशी धरलेली. "नमस्कार बाई. मला एक निबंध टंकलिखित करून हवा आहे."

टंकलिखित! मला हसूच फुटलं. "पोरी, तू बोलून राह्यली का वाचून राह्यली?" ती हसली नाही. नीट उभं राहून तिनं काय ते सांगितलं. एका संस्थेचा वर्षभराचा अभ्यासक्रम होता. दवाखान्यात येणाऱ्या माडिया माणसांचं दुखणं डॉक्टरांना मराठीत समजावून सांगायचं, आणि डॉक्टरांचं त्यांना माडियात. शिकून झालं की त्याच कामावर घेणार होते. जागा मोजक्या. 'माझे गाव' हा निबंध पाठवायचा आणि मग मुलाखत. एआयनं लिहिलेला निबंध बाद, असं जाहिरातीत ठळक छापलेलं. शेवटची तारीख त्याच दिवशीची.

"आमच्या सरांनी वाचला. ते म्हणाले, हा मशीनने लिहिल्यासारखा वाटतो, बाईंकडून माणसासारखा करून घे."

मी विचारायला हवं होतं, पोरी, हा तू लिहिला का? एवढं एकच वाक्य. तोंड काय शिवलं होतं माझं? पण निबंध हातानं लिहिलेला पाहून मला वाटलं, हिनंही फोनवरून उतरवून काढला असणार. खरं वाटावं म्हणून सगळेच तसं करतात. मी लाल पेन उचलला.

स्वच्छ अक्षर, लहान लहान वाक्यं, एक काना-मात्रा इकडची तिकडे नाही. त्यातला एक भाग मला आजही तोंडपाठ आहे. 'पंडुम झाल्याशिवाय आमच्याकडे कोणीही नवीन आंबा खात नाही. मी लहान असताना एकदा पंडुमच्या आधी आंबा खाल्ला. आईने मला मारले नाही. तिने माझे तोंड धुतले आणि ती रडली.'

मी ते सगळं आडवी रेघ मारून कापलं. आंबा खाल्ला म्हणून आई रडते? काहीतरीच! यंत्र थापा मारतं हे मी रोज पाहत होते. आदल्याच आठवड्यात एका निबंधात गावकऱ्यांनी झाडावर चढून मोहाची फुलं तोडली होती. मोहफूल कोणी तोडतं का? ते आपोआप गळतं, लोक खालून वेचतात. पंडुमही तसंच कुठून तरी आणलेलं असेल, म्हटलं. वीस वर्षं या जिल्ह्यात राहते मी. वीस वर्षांत भामरागडच्या बसचा फलक रोज वाचला आणि त्या बसनं एकदाही गेले नाही. लाज वाटते सांगायला.

आंब्याच्या जागी मी कंदील ठेवला. दोन वेलांट्या चुकवल्या. ती समोर उभी राहून पाहत होती. मला वाटलं, पोरगी खूश आहे.

पंधरा दिवसांनी ती परत आली. मुलाखत झाली होती आणि यादीत तिचं नाव नव्हतं. तिनं सगळं सांगितलं, तशाच छापील मराठीत, आवाज न चढवता. "त्यांनी विचारले, कंदिलाच्या प्रकाशात कोणते पुस्तक वाचत होतीस? मी म्हणाले, आमच्या घरी कंदील नाही, सोलरचा दिवा आहे. मग त्यांनी विचारले, हे कोणी लिहिले? मी म्हणाले, टायपिंगच्या बाईंनी. ते म्हणाले, याआधीच्या तीन निबंधांतही हाच कंदील आहे."

ते तिन्ही माझ्याच दुकानातून गेलेले. मी विचारलं, "पंडुम म्हणजे काय गं?"

"नवीन फळ आधी देवांना आणि पूर्वजांना द्यायचे असते. ते झाल्यावर आपण खायचे. मी आधी खाल्ला, म्हणून आईला वाटले की आता मला काहीतरी होईल."

"म्हणजे ते खरं होतं? तू स्वतः लिहिलं होतं?"

"हो."

"मग मी कापत होती तवा बोलली काऊन नाई, माय?"

"तुम्ही लाल पेन घेतला होता."

आश्रमशाळेत पहिलीपासून शिकलेली पोरगी ती. लाल पेनानं कापलं म्हणजे आपलंच चुकलं, एवढं तिथं पक्कं शिकवलेलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती काढायची कोणावर? आरशावर?

दुसऱ्या दिवशी मी संस्थेत फोन लावला. "भाऊ, चूक माझी आहे, तिची नाई. मी तिच्या निबंधात माझं घुसवलं." पलीकडचा माणूस गोड बोलला. मूळ निबंध पाठवा म्हणाला. तिचा कागद माझ्याकडेच होता, लाल रेघांसकट. मी एक अक्षर न बदलता टाइप केला आणि पाठवला. वाटलं, चला, निस्तरलं बाई एकदाचं.

संध्याकाळी त्याचाच फोन आला. "बाई, आम्ही तपासणीच्या मशीनवर टाकून पाहिला. हा तर पूर्ण एआयचा निघाला. त्यापेक्षा तुमचा कंदीलवाला बरा होता, त्यात माणूस तरी वाटत होता."

मी ओरडलेच. "अहो, तिच्या घरी मराठी कोणी बोलत नाई! ती पुस्तकातूनच मराठी शिकली, तर पुस्तकातल्यावानीच लिहील ना? का माझ्यावानी लिहील? तिच्या हातानं लिहिलेला कागद माझ्यापाशी आहे!"

"हातानं तर आजकाल सगळेच उतरवून काढतात, बाई."

हे माझंच वाक्य. मीही मनात अगदी हेच म्हटलं होतं, पेन उचलताना. मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. दुकानातली दोन पोरं झेरॉक्स न घेताच निघून गेली. जळो ते मशीन आणि जळो ते त्याच्या पाया पडणारे! जी पोरगी मार खाऊन, रडून, एकेक वेलांटी जागेवर बसवायला शिकली, तिला म्हणायचं तू माणूस वाटत नाहीस. आणि मी शुद्धलेखन येत असून मुद्दाम चुका पेरते, तर मी माणूस! माडिया माणसाचं दुखणं डॉक्टरला कळावं म्हणून शिकवणार होते ना हे? ही दोन्ही भाषा बोलणारी पोरगी पुढ्यात बसली होती. तिला माडियात दोन वाक्यं बोलायला सांगायची बुद्धी एकालाही झाली नाही. दवाखान्यात काय निबंध वाचायचे होते का तिला?

मी लेखी तक्रारही दिली. तिकडून साधी पोचसुद्धा आली नाही. जागा भरल्या.

पावसाळा तोंडावर आला तशी ती गावी जायला निघाली. नदीला पूर आला की रस्ता बंद होतो, म्हणून आधीच. बसला वेळ होता, तर दुकानात आली, पिशवी पायाशी ठेवून उभी राहिली. मीच म्हटलं, "माझ्यामुळे तुझं नुकसान झालं, पोरी." ती म्हणाली, "तुम्ही फोन केला होता ना." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी शिव्या खायला तयार होऊन बसले होते.

मग ती म्हणाली, "बाई, पुढच्या वर्षी ते पुन्हा जाहिरात काढणार आहेत."

"मग भर की फॉर्म. मी स्वतः तुझ्यासंगं येतो मुलाखतीले. बघतो कोण काय म्हणते."

"हो. पण निबंध मी लिहिणार नाही. मी लिहिले की कोणाला खरे वाटत नाही. मी फोनकडून लिहून घेईन. मग तुम्ही तो माणसासारखा करून द्याल ना?"

टोमणा नव्हता तो. ती खरंच विचारत होती, फॉर्मवर सही कुठं करायची विचारावं तसं. मी नाही म्हणायला हवं होतं. तिला बसवायला हवं होतं, तू लिही, मी सगळ्यांशी भांडते, असं सांगायला हवं होतं. पण भांडून पाहिलं होतं मी. मला माहीत होतं, तिनं पुन्हा स्वतः लिहिलं तर पुन्हा बाद होणार.

"देईन," मी म्हटलं.

ती म्हणाली, "धन्यवाद, बाई," आणि पिशवी उचलून स्टँडकडे गेली.