दोन मिनिटांचं लायसन

पाव कारखान्यातल्या तक्तेबाईला राग यायला फार काही लागत नसे. पण त्या शुक्रवारी तिला राग आला तो स्वतःचा, आणि तो काढायचा कुणावर?

तिचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलेलं. वीस वर्षांपूर्वी ती माल भरायच्या फलाटावर लागली, मुकादमाच्या हाताखाली क्रेट मोजायला. मोजता मोजता तिच्या ध्यानात आलं, कुठल्या दुकानातून कुठल्या वारी किती पाव शिळा होऊन परत येतो, याला एक चाल असते. ती चाल तिनं पुठ्ठ्यावर मांडायला घेतली. पुढं कंपनीनं विक्रीचे आकडे चाळून तक्ते काढणारं सॉफ्टवेअर घेतलं आणि पुठ्ठेवाली बाई वरच्या मजल्यावर खुर्चीत बसली. वरचे तिला खालची समजत, खालचे म्हणत वर जाऊन शेफारली. ती दोघांनाही तोंडावर बोले.

या सॉफ्टवेअरचा भाव माणशी. जितकी माणसं उघडणार तितकी लायसन. पहिल्या वर्षी विकणारे हात जोडून दारात उभे होते. सगळा कारखाना त्यात गुंतला, जुन्या वह्या रद्दीत गेल्या, मग त्यांनी नख्या बाहेर काढल्या. दरसाल भाव चढता. यंदा एकदम दुप्पट, वर तीन वर्षांचा करार.

"मॅडम, सुविधाही वाढल्यात ना," फोनवरचा विक्रेता म्हणाला.

"मागितल्या कुणी? सदरा शिवायला टाकला, तुम्ही त्याला चार बाह्या लावून पैसे मागताय! हे सॉफ्टवेअर आहे का घरजावई? पोसायला परवडत नाही, हाकलायची सोय नाही."

पलीकडचा हसला. तिला हसू आलं नाही.

पैशांचा कारभार मालकाच्या भाच्याकडे. सगळे त्याला भाचेसाहेब म्हणत. तो म्हणाला, "अडतीसची वीस करा. कोण दिवसाला किती वेळ वापरतो त्याची यादी लावा, खालचे अठरा उडवा. सोपं आहे."

चूक झाली ती इथंच. विक्रेत्यावरच्या रागात तिनं दहा मिनिटांत यादी काढली, नावं न वाचताच वर पाठवली आणि हुकूम आल्यावर अठरा नावं बंद करून मोकळी झाली.

सोमवारपासून परतीचा पाव वाढला. मंगळवारी आणखी. शुक्रवारी मागच्या अंगणात क्रेटची भिंत उभी राहिली आणि भाचेसाहेबांनी बैठकीत सांगून टाकलं, "मुकादम म्हातारा झालाय. अंदाज राहिला नाही त्याला. महिनाअखेर घरी पाठवू. कागद तयार करा."

तक्तेबाई तडक खाली गेली. मुकादम व्हॅनच्या दाराशी उभा राहून बोटांवर काहीतरी मोजत होता.

"मामा, झोपा काढता का? शाळेजवळच्या दुकानाला सुट्टीच्या दिवशी वीस क्रेट?"

"कागद कुठाय?"

"कुठला कागद?"

"भिंतीवरचा. रोज पहाटे मी मशीन उघडायचो, एक कागद काढायचो, इथं चिकटवायचो. चौदा ड्रायव्हर आणि सगळे भरणारे तोच वाचून माल भरायचे. आता मशीन म्हणतं, तुम्हाला परवानगी नाही."

"मग मला सांगायला जीभ झडली होती?"

"तूच बंद केलंस असं वरचे म्हणाले," मुकादम शांतपणे म्हणाला. "म्हटलं, पोरीनं केलंय तर काही विचार करूनच केलं असेल."

कानाखाली बसावी तसं झालं तिला. वर येऊन तिनं यादी पहिल्यांदाच वाचली. मुकादम, दिवसाला दोन मिनिटं. भाचेसाहेब, दिवसाला नऊ तास. म्हणजे तीस माणसांचं काम भागवणारी दोन मिनिटं निरुपयोगी, आणि पाहुण्यांवर छाप पाडायला खुर्चीमागच्या भिंतीवर दिवसभर चालू ठेवलेला तक्त्यांचा रंगीत पडदा कामाचा. साहेबांची तर त्या पडद्याकडं पाठच असायची.

ती केबिनमध्ये शिरली. दारावर टकटक केली नाही.

"मुकादमाचा अंदाज गेला नाही. आपण त्याचा कागद काढून घेतला. त्याचं लायसन परत पाहिजे."

"वीसचा करार झालाय. एकविसावं मिळणार नाही."

"मग तुमचं द्या."

भाचेसाहेब हसला. "बाई, डोकं ठिकाणावर आहे का? मी या कंपनीचा कारभार बघतो."

"बघता? मागं वळून सांगा बरं, काल किती पाव परत आला?"

तो वळला. पडद्यावर गोल, पट्ट्या, रेघा. त्याला त्यातलं एक अक्षर कळेना. "हे तुमचं काम आहे!"

"बरोबर. माझंच."

कुणाच्या नावावर लायसन ठेवायचं याची किल्ली तिच्याकडंच होती. तिथंच मोबाइल काढून तिनं एक नाव खोडलं, दुसरं घातलं. पडदा पांढरा पडला.

"आत्ताच्या आत्ता परत करा!"

"होत नाही. एकदा हलवलं की तीस दिवस हलत नाही, त्यांचा नियम आहे. सही तुम्हीच केलीय, वाचली असेलच."

दुसऱ्या दिवशी नोटीस आली, खुलासा द्या. घरी नवरा म्हणाला, "माफी लिहून दे, विषय संपव."

"माफी मागायची ती मुकादममामांची. यांची कशाला?"

तिनं खुलासा लिहिला: 'यादी मी काढली, न वाचता पाठवली, चूक माझी. ती मीच दुरुस्त केली.' खाली पंधरवड्याच्या परतीच्या पावाचा तक्ता जोडला, मुकादमाचा कागद बंद होण्याआधीचा आठवडा आणि नंतरचा.

मालकानं तक्ता दोनदा पाहिला. मुकादमाला घरी पाठवायच्या कागदावर सही केली नाही. बाईची वर्षाची पगारवाढ मात्र रोखली, भाच्याचं मन राखायला.

ती रागानं लालबुंद होऊन फलाटावर उतरली. मुकादम भिंतीवर कागद चिकटवत होता.

"काय झालं गं वर?"

"वाढ गेली माझी. आणि मामा, चुकले मी, ती यादी वाचायला पाहिजे होती. पण यापुढं मशीन बंद पडलं आणि तुम्ही असे मानपान धरून गप्प बसलात, तर क्रेटमध्ये घालून परतीच्या मालात पाठवीन तुम्हाला!"

"आधी बाजूला हो," मुकादम म्हणाला, "कागद दिसत नाहीये पोरांना."