पलंगामागची म्हातारी

मंडळी, हसू नका, पण आज दुपारी मी आणि जयूने दुकानात बसून एक जुना इटालियन सिनेमा पाहिला. चावट कॉमेडी. लग्न न करता एकत्र राहणारं जोडपं आणि पलंगाखाली लपणारे शेजारी. डहाणूत आमचं दोघींचं शिवणकामाचं दुकान आहे. गिऱ्हाईक येईल म्हणून मोबाईलचा आवाज पहिल्यापासून बंद ठेवला होता.

मी खालच्या कमेंट वाचून दाखवत होते. कोणी लिहिलंय "धमाल", कोणी "नुसता वाह्यातपणा". एकाने विचारलंय, "पलंगामागे बसलेली म्हातारी कोण?" सगळे त्याला वेड्यात काढतायत. मीही सीन मागे घेऊन पाहिला. मागे नुसती भिंत.

जयू हसली नाही. "आहे ना ती. धवलेरी आहे. मघापासून गातेय."

जयू सायवनची, वारली. त्यांच्यात गाणी म्हणत लग्न लावणारी बाई म्हणजे धवलेरी.

"अगं, आवाज बंद आहे," मी म्हटलं.

जयूने सुई खाली ठेवली. तिला दोन मुलं आहेत, पण त्यांच्यातल्या कितीतरी जोडप्यांसारखं तिचंही लग्न लागायचं राहिलंय. सवडीने लावू, असं चाललंय.

"माझं नाव घेतेय," एवढंच म्हणाली आणि लवकर घरी गेली.

आता भाकरी थापताना माझ्या तोंडात एक चाल आहे. कधी ऐकलेली नाही. शब्द अजून आलेले नाहीत.

कोणी पाहिलाय का हा सिनेमा? जयूच्या नंतर ती कोणाचं नाव घेते?