शोभाताई, पाणी आणि बाबांचं मत

काल शोभाताई गेल्या.
या वेळी पक्ष सोडून नाही. खरोखरच गेल्या.

सकाळपासून तीनदा स्टेटस टाइप केलं आणि डिलीट केलं. काय लिहावं तेच कळत नाहीये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : शोभाताई म्हणजे विश्रांतवाडीतल्या आमच्या वस्तीच्या नगरसेविका. माझे बाबा पोस्टात होते आणि ताईंच्या पहिल्या इलेक्शनपासून त्यांचे कार्यकर्ते. त्या बाबांना ‘दादा’ म्हणायच्या.

आमची वस्ती चढावर. खडकवासला धरण भरलं की पेपरात फोटो यायचा. आमच्या नळाला ती बातमी कधी पोचली नाही.
खालच्या चौकात एक सार्वजनिक नळ होता, तिथून आई हंडे आणायची.

ताईंनी मोर्चे काढले, निवेदनं दिली, महापालिकेच्या दारात हंडे फोडले. पण आमचा पक्ष कायम विरोधात. फाइल काही हलली नाही.

मग एका संध्याकाळी ताई घरी आल्या. चहा घेतला नाही, तेव्हाच मला काहीतरी बिनसल्यासारखं वाटलं.

“दादा, पाण्याची लाइन मंजूर होतेय. पण मला तिकडे जावं लागेल.”

तिकडे म्हणजे, ज्यांच्याविरुद्ध बाबांनी आयुष्यभर घोषणा दिल्या त्यांच्याकडे.

“मग लाइन नको,” बाबा म्हणाले.

ताई आईकडे वळल्या. “वहिनी, तुम्ही सांगा. नको लाइन?”

“तिला मध्ये घेऊ नकोस,” बाबा म्हणाले.

आई कणीक मळत राहिली. तिच्या कमरेचं दुखणं तेव्हाच सुरू झालं होतं.

ताई गेल्या. पेपरात गळ्यात नवा पट्टा घातलेला फोटो आला. बाबांनी तो पेपर रद्दीतसुद्धा ठेवू दिला नाही.

आणि पाणी आलं.
पहिल्या दिवशी आईने घरातलं प्रत्येक भांडं भरलं. वाट्यासुद्धा.

बाबांनी त्या नळाला हात लावला नाही. सायकलला कॅन अडकवून स्वतःपुरतं पाणी चौकातून आणायचे. वस्ती हसायची. मी कॉलेजात होते, मला लाज वाटायची आणि अभिमानही वाटायचा. नक्की काय वाटायचं कुणास ठाऊक.

एकदा ताईंनी त्यांना चौकात गाठलं. मी सोबत होते.

“दादा, हा नळ पण आता नव्या लाइनवरच आहे. बरेच महिने झाले.”

बाबांनी कॅन तिथेच ओतला. रिकामा घेऊन घरी आले. आईने तांब्या पुढे केला. ते प्यायले.

पण ताईंशी बोलले नाहीत. पुढच्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध प्रचार केला. ताई तरी निवडून आल्या.

इथेच गोष्ट संपली असती तर मी छान पोस्ट लिहिली असती. ‘वस्तीसाठी बदनामी सोसणारी बाई’ वगैरे.

पण नंतर त्यांचं तिकीट कापलं गेलं आणि ताई तिसऱ्या पक्षात गेल्या.

तोवर मला नोकरी लागून मी वारजेत राहायला आले होते. आई-बाबांकडे जाताना त्या एकदा मेडिकलच्या दुकानात भेटल्या. मी खोचकपणे विचारलं,
“ताई, या वेळी वस्तीला काय मिळालं?”

“वस्तीला काही नाही गं. मला तिकीट मिळालं.”

“बास?”

“बास. नगरसेविका नसले तर दिवसभर काय करायचं, मला खरंच माहीत नाही.”

मी गोळ्या घेऊन निघाले. त्या निवडणुकीत ताई पडल्या. वाईट पडल्या. नंतर आजारपण.

आज अंत्ययात्रेला तिन्ही पक्षांचे लोक आले होते. तिघांनीही “आमच्या पक्षाची हानी” म्हटलं. ताईंच्या मुलीने एकाही पक्षाचा झेंडा अंगावर घालू दिला नाही. पांढरं वस्त्र, मेणबत्त्या, त्रिशरण. बस.

बाबा येणार नाहीत असंच मी धरून चाललेले. ते आधीच येऊन बसले होते, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात.

परतताना रिक्षात मी विचारलं, “बाबा, माफ केलंत का त्यांना?”

“नाही.”

मग शर्टाची बाही नीट करत म्हणाले,

“शेवटच्या निवडणुकीत मी तिलाच मत दिलं होतं.”

“बाबा! तेव्हा तर त्या फक्त तिकिटासाठी…”

“माहितीये.”

“आणि पाणी आणलं तेव्हा?”

“तेव्हा विरोधात दिलं.”

“मग आता का?”

बाबा बाहेर बघत होते. “पडणार हे दिसत होतं गं. एकटी पडली होती. का दिलं, मला नाही सांगता येत. तू शिकलेली आहेस, तुला कळलं तर सांग.”

मला नाही कळलं, बाबा.

शोभाताई, तुम्ही बरोबर होतात की चूक, हे मी आज ठरवू शकत नाही. बहुतेक उद्याही नाही.

जयभीम, ताई. शांतपणे जा.