वाचलेल्या माणसांच्या मॅडम

मॅडम वाईट बातमी कधी उभ्यानं सांगत नसत. अतिदक्षता विभागाबाहेरच्या पॅसेजमध्ये एक लोखंडी स्टूल असे. ते ओढून त्या नातेवाइकांसमोर बसत आणि मगच बोलायला लागत. बाकीचे सर्जन चालता चालता सांगून मोकळे होत. मी एकदा त्यांना याचं कारण विचारलं, तर म्हणाल्या, "देवधरबाई, उभा माणूस निघायच्या तयारीत असतो. समोरच्याला ते कळतं."

त्या सरकारी रुग्णालयात मी समाजसेवा अधीक्षक होते. अपघातात सापडलेल्या माणसाचं घर शोधायचं, नातेवाइकांना बोलावून घ्यायचं, योजनांचे कागद करायचे आणि जो फारच खचला असेल त्याला चहा पाजायचा, हे माझं काम. मॅडम अपघात विभागात सर्जन आणि शेजारच्या कॉलेजात प्राध्यापक. त्यांचे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि घराण्यात डॉक्टर झालेल्या मॅडम पहिल्याच. बोलणं मोजकं आणि जरासं तिरकं. एका शिकाऊ डॉक्टरनं राउंडला "पेशंट स्टेबल आहे" एवढंच सांगितलं, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "ही भिंतही स्टेबल आहे. पेशंट शुद्धीवर आहे का ते सांगा."

त्यांचं संशोधनही असंच, दुसरे थांबतात तिथून पुढे जाणारं. पेशंट जिवंत घरी गेला की इतरांचे अभ्यास संपत, मॅडमचा तिथून सुरू होई. डोक्याला जबर मार लागलेली, कित्येक दिवस व्हेंटिलेटरवर काढलेली माणसं घरी गेल्यावर कशी राहतात? चालतात का, कामावर जातात का, मुलांची नावं त्यांना आठवतात का? अपघाताला वर्ष झालं की त्या घरी फोन करून हे विचारायचं. फोन करायचं काम माझ्याकडे होतं.

फोन करणं सोपं नव्हतं. लोकांचे नंबर बदललेले असत, भाड्याची घरं सुटलेली असत. आमच्या तक्त्यात त्यासाठी 'संपर्क तुटला' असा एक रकाना होता, आणि मॅडमना तो मुळीच आवडत नसे. "ते आपापल्या घरी आहेत, देवधरबाई. पत्ता आपल्याला सापडत नाही, हा आपला दोष," असं म्हणून त्या कागद परत माझ्याकडे सरकवत. मग मी येरवड्याच्या गल्ल्यांमधून किराणा दुकानांत चौकशा करत हिंडे. एकेका घरात चहा व्हायचा, एकेका घरात दार अर्धंच उघडायचं.

त्या प्रश्नावलीत शेवटी एक प्रश्न होता: हेच उपचार पुन्हा करायचे का, असं आज विचारलं तर काय सांगाल? तो मॅडमनी स्वतः लिहिला होता. शब्द फार कठोर वाटतात म्हणून संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीनं तो दोनदा परत पाठवला होता, आणि मॅडमनी दोन्ही वेळा तो जसाच्या तसा पुन्हा सादर केला होता.

कर्वेनगरला चित्रकलेचे एक शिक्षक राहत. स्कूटर घसरून डोक्याला मार बसला होता. मॅडमच्या विभागात ते तीन आठवडे व्हेंटिलेटरवर होते. घरी सोडलं त्या दिवशी त्यांच्या बायकोनं वॉर्डात सगळ्यांना पेढे दिले होते. वर्षानंतर मी फोन केला, तेव्हा बाईंनी बाकीची उत्तरं नीट दिली आणि शेवटचा प्रश्न मला पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाल्या, तुमच्या मॅडम एकदा घरी येतील का.

आम्ही दोघी गेलो. सर गॅलरीत खुर्चीवर बसले होते. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. थोड्या थोड्या वेळानं ते उठत, शाळेत जायचंय म्हणून दाराची कडी काढू लागत, आणि बायको त्यांना हाताला धरून परत आणून बसवी. तिच्या दंडावर जुना वळ होता. पूर्वी त्यांनी कधी आवाजसुद्धा चढवला नव्हता, असं तिनं सांगितलं. मग मॅडमकडे बघून ती म्हणाली, "तुम्ही त्यांना वाचवलंत, मी रोज तुमची आठवण काढते. पण घरी आले ते हे नव्हेत. माझा नवरा गेला मॅडम, आणि मला भेटायलासुद्धा कुणी आलं नाही."

मॅडमनी औषधं बदलून दिली, एका मनोविकारतज्ज्ञांना तिथूनच फोन लावून वेळ ठरवली. कागदावरचा शेवटचा प्रश्न कोराच राहिला. जिना उतरताना त्या मध्येच थांबल्या आणि मला म्हणाल्या, "हे उत्तर आलं म्हणायचं की नाही आलं?"

पुढे त्यांचा शोधनिबंध परदेशातल्या एका नियतकालिकात छापून आला. विभागात केक कापला गेला. अशा घरांकडे जाण्यासाठी एक परिचारिका आणि एक खोली द्यावी, असा प्रस्ताव मॅडमनी त्यासोबत प्रशासनाकडे पाठवला होता. तो शंका विचारून परत आला, उत्तरं देऊन पुन्हा गेला, नवीन शंका घेऊन पुन्हा आला. केक मात्र एकाच दिवसात मंजूर झाला होता, असं मॅडम म्हणत.

आणि मग एका सकाळी दादांना, म्हणजे मॅडमच्या वडिलांना, दही आणायला रस्ता ओलांडताना मोटरसायकलनं उडवलं. त्यांना आमच्याकडेच आणलं. वय अठ्ठ्याहत्तर, मेंदूत मोठा रक्तस्राव. ऑपरेशन केलं तर कदाचित जगतील, पण लगेच करायला हवं, असं मेंदूच्या सर्जननी सांगितलं. मॅडमची आई पूर्वीच गेलेली. भाऊ बंगळुरूला. तो फोनवर म्हणाला, "ताई, तूच ठरव. तुला यातलं कळतं."

मॅडम माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. चेहरा नेहमीचाच होता. "या वयाचे, एवढा मार लागलेले आपल्या अभ्यासात जे होते, त्यांचं पुढे काय झालं ते मला पाठ आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही तर त्यांच्या घरी जाऊन आलात. काय करू?"

इतकी वर्षं मी नातेवाइकांना धीर देत आले होते. त्या दिवशी मी फक्त खुर्ची पुढे सरकवली. त्या बसल्या नाहीत, वळल्या आणि संमतीपत्रावर सही करून आल्या. नंतर कधीतरी त्यांनी एवढंच सांगितलं, की नाही म्हणायचं ठरवूनच त्या गेल्या होत्या. पेन हातात घेतलं, तेव्हा दादांच्या पायात एकच चप्पल राहिलेली दिसली.

दादा जगले. वाचा गेली, उजवी बाजू गेली, अन्न नळीतून. मॅडमनी आधी रजा घेतली, मग ती वाढवली, मग स्वेच्छानिवृत्ती. अभ्यास बंद झाला. पुढच्या उन्हाळ्यात दादा गेले आणि मॅडम भावाकडे निघून गेल्या. त्याआधी एकदाच, एका रविवारी दुपारी मी त्यांना खडकीच्या घरी भेटायला गेले होते. तीच आमची शेवटची भेट.

मॅडम वाळल्या होत्या. मदतीला येणाऱ्या बाईंची रविवारी सुट्टी असे. बुद्धाच्या तसबिरीखाली पलंग होता, त्यावर दादा, डोळे उघडे. ओळखतात का, असं मी हळूच विचारलं. "काही दिवस वाटतं ओळखतात," त्या म्हणाल्या. "काही दिवस वाटतं, मलाच तसं वाटून घ्यायचंय."

मग त्यांनी घड्याळ पाहिलं. "जरा हात लावता का? कूस बदलायचीय. दर दोन तासांनी करावं लागतं, नाहीतर पाठीची कातडी फुटते."

मी खांद्याला धरलं, त्यांनी कमरेला. एवढासा म्हातारा माणूस, पण विलक्षण जड. मॅडमनी पाठीवरून हात फिरवून कातडी तपासली, पावडर लावली, उशा लावल्या. दादांच्या घशातून काहीतरी आवाज आला. मॅडम तशाच वाकून राहिल्या, कान त्यांच्या तोंडाशी नेऊन. पुढे काही आलं नाही.

दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा फक्त म्हणाल्या, "जपून जा."

बस वाटेत बराच वेळ अडकून पडली. घरी पोचून चपला काढल्या, हातपाय धुतले, चहाचं आधण ठेवलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं. दोन तास होऊन गेले होते. दादांना पुन्हा वळवायला हवं होतं, आणि तिथे मॅडम एकट्याच होत्या.