बीपी चालतं, बाई चालत नाही

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी अकरा वाजता, अंबरनाथच्या एका सोसायटीने माझ्या मावशीवर अन्याय केला. मस्कतला नर्स असलेली मावशी तीन महिन्यांच्या रजेवर आली होती आणि तेवढ्यापुरता तिला भाड्याने फ्लॅट हवा होता. मालक तयार होता, पण सोसायटीच्या कमिटीने आधी भेटायला बोलावलं, म्हणून मीही सोबत गेले. सेक्रेटरी काकांनी चहा दिला आणि विचारलं, "मिस्टर कुठायत?" "लग्नच केलं नाही," मावशी म्हणाली. "मग अवघड आहे मॅडम, आम्ही फॅमिलीलाच देतो." तरी ती नर्स आहे कळताच काकांनी बाही वर सरकवली. "जरा बीपी बघता का?" मशीन मावशीच्या पर्समध्ये असतंच. पट्टा चर्र करून सुटायचा आणि पुढचा हात यायचा. अख्ख्या कमिटीचं बीपी तपासून झालं, चेअरमनचं लोणचंसुद्धा बंद झालं, आणि मग एकमताने ठरलं की फ्लॅट द्यायचा नाही. "पण दर रविवारी येत जा हं," काका म्हणाले. मावशीने शांतपणे मशीन आवरलं. "एकटी येऊ, की मिस्टरांना शोधून आणू?" ते तीन महिने ती विठ्ठलवाडीला आमच्या स्वयंपाकघरात झोपली. आजही तो चर्र आवाज आला की माझंच बीपी वाढतं. तुमच्या सोसायटीतही हा न लिहिलेला नियम असणार. पुढच्या मीटिंगला उभे राहा आणि तो रद्द झाल्याशिवाय खाली बसू नका.